पक्ष बदलला की सिद्धता पुन्हा



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आम्हाला भूमिती शिकवली. प्रमेय सोडवण्याआधी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले जायचे: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्षात दिलेलं नाही असं काही सिद्धतेत घुसवलं, तर सर वहीत तिथेच लाल रेघ ओढायचे. उत्तर बरोबर आलेलं असलं तरी ओढायचे. मी पुढे ज्या कामात पडलो त्याला उड्डाणयोग्यता म्हणतात, आणि त्यातही लष्करी विमानांची. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. ‘हे विमान सुरक्षित आहे’ हे साध्य आहे. त्याला पक्ष असतो. विमान तीस-चाळीस वर्षं सेवेत राहतं, तेवढ्या काळात पक्ष हळूहळू बदलत जातो आणि सिद्धता मात्र कपाटात तशीच राहते. ज्या अपघातांचे अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचले, त्यांतले बरेचसे याच फटीतून झाले आहेत.

आम्ही विमानं तपासतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तपासणी करणारे वेगळे; ते हातात टॉर्च आणि आरसा घेऊन विमानाच्या पोटात शिरतात, आणि त्यांच्या कष्टांना तोड नाही. आमचं काम कागदाचं. आराखडा करणारा जो जो दावा करतो तो उचलायचा आणि विचारायचं, हे कशावरून? पंखावर उड्डाणात जास्तीत जास्त किती भार येईल, आणि हा आकडा आला कुठून? त्याच्या दीडपट भाराखाली पंख मोडला नाही, हे कुठे दाखवलं? ज्या पंखावर चाचणी झाली तो आणि कारखान्यातून बाहेर पडणारा पंख एकाच पद्धतीने बांधलेला आहे का? हायड्रॉलिक्सच्या दोन वाहिन्या स्वतंत्र आहेत म्हणता, मग दोन्ही एकाच भिंतीतल्या एकाच भोकातून का जातात? हे प्रश्न विचारणारा माणूस कुठल्याच कारखान्यात फारसा लाडका नसतो. त्याची सही राहिली की विमान राहतं, आणि विमान राहिलं की वेळापत्रक राहतं.

हे सगळं कागदावरच का करावं लागतं, उडवूनच का बघत नाही? प्रवासी विमानाच्या बाबतीत नियम असा आहे की, ज्या बिघाडाने विमान आणि सगळी माणसं जातील, तो उड्डाणाच्या शंभर कोटी तासांत एकापेक्षा जास्त वेळा होण्याची शक्यता असता कामा नये. एकच विमान न उतरवता अखंड उडत ठेवलं, तर शंभर कोटी तास भरायला एक लाख चौदा हजार वर्षं लागतील. लढाऊ विमानांसाठी आकडे सैल असतात, कारण त्यांचं कामच जोखमीचं. पण मुद्दा तोच. असा दावा अनुभवाने सिद्ध होत नाही. तो तर्काने, चाचण्यांनी आणि मोजमापांनी सिद्ध करावा लागतो. म्हणून ‘इतकी वर्षं उडतंय, काही झालं नाही’ या वाक्याला आमच्या कामात जवळजवळ शून्य किंमत आहे. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात घातक वाक्य तेच. ते मी दोन विमानांच्या आधाराने सांगतो. दोन्ही विमानं ब्रिटिश आहेत, आणि एकाच घराण्यातली.

पहिलं कॉमेट. जेट इंजिनांवर चालणारं जगातलं पहिलं प्रवासी विमान, १९५२ मध्ये सेवेत आलं. २ मे १९५३ रोजी कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेलं एक कॉमेट सहाच मिनिटांत वादळात मोडून पडलं. ४३ माणसं गेली. चौकशीत ठपका वादळावर आला. १० जानेवारी १९५४ रोजी दुसरं कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटाच्या समुद्रात कोसळलं, ३५ माणसं गेली. उड्डाणं थांबवली गेली, सुचतील त्या साठेक सुधारणा करण्यात आल्या आणि २३ मार्चला विमानं पुन्हा हवेत गेली. ८ एप्रिलला नेपल्सजवळ तिसरं गेलं, २१ माणसांसह. या वेळी मात्र उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्रच काढून घेतलं गेलं.

फार्नबरोच्या संशोधनसंस्थेने मग एक अख्खं कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत बसवलं. पंख टाकीच्या बाजूंमधून बाहेर काढले. केबिनमध्ये पाणी भरून दाब चढवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. पाणी अशासाठी की ते फारसं दाबलं जात नाही. हवेच्या दाबाखाली केबिन फुटली तर बॉम्बसारखी फुटेल आणि तडा कुठे सुरू झाला हे शोधायलाही काही उरणार नाही. त्या विमानाची आधीची खरी उड्डाणं १२२१ आणि टाकीतली आवर्तनं १८३६. एकूण ३०५७ झाल्यावर केबिन फाटली. धातू एका झटक्यात तुटला नव्हता, थकून तुटला होता. एल्बाच्या विमानाचे अवशेष समुद्रतळातून काढून जोडल्यावर फाटण्याची जागा छतावर सापडली. रेडिओ दिशादर्शकाच्या अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यालगतचं ते भोक होतं. चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं, असं सर्रास सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलं की खरा धडा हातून जातो.

कारण कंपनीने चाचणी केली नव्हती असं नाही. केली होती, आणि केबिनच्या नमुन्याने हजारो आवर्तनं पेलली होती. पण त्या नमुन्यावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन झाला होता. त्या दाबाने कोपऱ्यातला धातू किंचित ताणला गेला, आणि असा ताणलेला धातू नंतरच्या दमणुकीला जास्त टिकतो. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांवर एवढा दाब कधीच दिलेला नव्हता. म्हणजे सिद्धता बिनचूक होती, पण ती वेगळ्या धातूची होती. सरांनी इथे लाल रेघ ओढली असती.

कॉमेट सुधारलं, पुन्हा उडालं, आणि साठच्या दशकात त्याच्याच सांगाड्यावर ब्रिटनने सागरी गस्तीचं विमान बांधलं, निमरॉड. २ सप्टेंबर २००६ रोजी एक्सव्ही २३० हे निमरॉड अफगाणिस्तानात कंदाहारच्या परिसरात हवेत इंधन भरून घेतल्यावर काही क्षणांतच पेटलं. बॉम्ब-बेमध्ये आग लागल्याचा इशारा मिळाल्यापासून स्फोट होईपर्यंत सहा मिनिटांच्या आसपास वेळ गेला. आत चौदा जण होते, चौदाही गेले. कर्मचाऱ्यांनी करण्यासारखं सगळं केलं. पण जिथे आग होती त्या कप्प्यात आगीची सूचना देणारं यंत्र नव्हतं, विझवणारं नव्हतं, आणि उडत्या विमानातून तिथे पोहोचायची वाटही नव्हती.

हा कप्पा पंखाच्या मुळाशी, उजव्या बाजूच्या सात नंबरच्या टाकीजवळचा. तो जरा जवळून पाहू या. त्यातून इंधनाचे नळ जातात, त्यांचे जोड आहेत, जोडांत रबरी सील आहेत. त्याच कप्प्यातून इंजिनातली तप्त हवा नेणारी नळी जाते. ही नळी तिथे का आली? समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालताना इंधन वाचवायला निमरॉडची एकदोन इंजिनं बंद ठेवत, आणि चालू इंजिनाची हवा या नळीतून नेऊन ती पुन्हा सुरू करत. त्यामुळे मुळात ही नळी थोडा वेळच तापायची. १९७९ मध्ये विमानाची दुसरी आवृत्ती आली. इलेक्ट्रॉनिक उपकरणं वाढली, त्यांना थंड ठेवायला जादा यंत्रणा बसवली, आणि तिला लागणारी हवा याच वाटेने घेतली. आता नळी दीर्घ काळ तापलेली राहू लागली, चारशे अंश सेल्सियसच्या घरात. तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण होतं, पण त्यात फटी होत्या. १९८२ मध्ये फॉकलंडचं युद्ध आलं आणि लांब पल्ल्यासाठी हवेत इंधन भरण्याची सोय घाईघाईने बसवावी लागली. युद्धकाळातली ती तडजोड होती, समजण्यासारखी होती. १९८९ मध्ये तीच सोय रीतसर कायम झाली. हवेत भरताना टाकी ओसंडली तर जादा इंधन झडपेतून बाहेर जाई, विमानाच्या अंगावरून मागे ओघळे आणि या कप्प्यात शिरू शके.

नळी, थंड ठेवणारी यंत्रणा, हवेतलं इंधन. तीन बदल, वीस वर्षांत, वेगवेगळ्या गरजांपोटी, वेगवेगळ्या हातांनी केलेले. प्रत्येक बदलाची फाईल आपापल्या जागी ठीक. तिन्ही मिळून इंधन आणि प्रज्वलनाचं कारण एका बंद कप्प्यात आणून ठेवलं गेलं, हे कुणी एकत्र मांडलं नाही.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त वेदना होते, कारण मांडण्याची संधी आली होती. २००१ ते २००५ या काळात निमरॉडसाठी सुरक्षिततेचा सविस्तर युक्तिवाद लिहिला गेला. इंग्रजी कारभारात त्याला ‘सेफ्टी केस’ म्हणतात: विमानातला प्रत्येक धोका शोधायचा, त्याची शक्यता आणि परिणाम ठरवायचा, आणि तो आटोक्यात आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं. काम उत्पादक कंपनीकडे, देखरेख संरक्षण मंत्रालयाच्या पथकाकडे, स्वतंत्र सल्लागार तिसराच. अपघातानंतर वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी जो अहवाल दिला, तो २८ ऑक्टोबर २००९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: कंपनीने काम पूर्ण म्हणून सोपवलं तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक धोके ‘खुले’ होते आणि तीस टक्क्यांहून अधिक धोक्यांचं वर्गीकरणच झालेलं नव्हतं. त्या सात नंबरच्या कप्प्याचाही धोका यादीत होता, पण तो घडण्याची शक्यता नगण्य ठरवून बाजूला ठेवलेला. का? अहवालाचं उत्तर स्पष्ट आहे. गुंतलेल्या सगळ्यांनी मनाशी आधीच धरलं होतं की तीस वर्षं उडालेलं विमान सुरक्षितच असणार. सुरक्षित आहे की नाही हे शोधायला ते बसलेच नव्हते. सुरक्षित असलेल्या विमानाची कागदपत्रं पुरी करायला बसले होते. साध्यच पक्षात लिहून टाकलं, आणि मग सिद्धतेला काही कामच उरलं नाही.

हे ब्रिटिशांचं झालं, आपल्याला काय, असं कुणी म्हणू नये. हीच घसरण बोइंग ७३७ मॅक्समध्ये दिसते. नाक आपोआप खाली करणाऱ्या प्रणालीला आडवी शेपटी मुळात एका वेळी ०.६ अंश हलवायची मुभा होती. नंतर ती २.५ अंश झाली. हा बदल नियामकाच्या मूल्यमापनात पूर्णपणे उतरला नाही. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली.

आता माझ्या रोजच्या कामातलं एक उदाहरण देतो, कारण मोठ्या अपघातांनी असं वाटतं की हे प्रश्न वर्षातून एकदा येतात. ते रोज येतात, आणि फार छोट्या रूपात येतात. कारखान्यात एका फ्रेमवर रिव्हेटसाठी भोक पाडताना ड्रिल सरकलं. रिव्हेट चार मिलिमीटरचा. भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या दुप्पट, म्हणजे आठ मिलिमीटर, आत असायला हवं. ते साडेसहावर आलं. फिटर स्वतः चालत माझ्या टेबलाशी आला. वयाने मोठा माणूस. म्हणाला, “साहेब, ड्रिल सरकलं. रिव्हेट मारून वरून सीलंट लावला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण म्हटलं सांगावं.” मी म्हटलं, “दादा, बसा. चहा घेऊ, मग जागेवर जाऊन बघू.” त्या माणसाने त्या दिवशी जे केलं त्यावर अख्खं क्षेत्र उभं आहे, असं मी गांभीर्याने सांगतो. तो बोलला नाही तर आमचे सगळे कागद आंधळे.

अशा वेळी आराखड्याच्या विभागाकडून कन्सेशन मागतात, म्हणजे आहे तसं चालवून घेण्याची लेखी परवानगी. गणित करून दाखवतात की उरलेला पत्रा भार पेलतो. गणित बहुधा बरोबरच असतं. मी त्या वेळी एवढंच विचारलं, की याच फ्रेमवर या विमानात आधी काही कन्सेशन दिलेलं आहे का? नोंदी काढल्या. दोन होती, वेगवेगळ्या महिन्यांतली, वेगवेगळ्या सह्यांची. प्रत्येक गणितात शेजारचे रिव्हेट धडधाकट आहेत असं धरलेलं होतं, आणि ते शेजारी म्हणजेच आधीची कन्सेशनं. शेवटी तिथे जोडपट्टी बसवली, ठराविक तासांनी एडी करंट या भेगा शोधणाऱ्या चाचणीने तपासायची अट विमानाच्या कायमच्या नोंदीत घातली, आणि विमान लाइनवर उशिरा गेलं. त्या उशिराबद्दल बैठकीत बरंच ऐकून घ्यावं लागलं. ऐकून घेणं हा या नोकरीचाच भाग आहे, आणि तरुण अभियंत्यांना मी तसं पहिल्याच दिवशी सांगतो.

लष्करी विमानांच्या बाबतीत एक मूलभूत अडचण आहे, ती लोकांसमोर कमी येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे नियम ज्या १९४४ च्या शिकागो करारातून आले, त्याच्या तिसऱ्या कलमानेच लष्करी, जकात आणि पोलीस सेवेतली विमानं त्यातून वगळली आहेत. म्हणजे लढाऊ विमानाचा मालक सरकार, वापरणारं सरकार, बहुतेक वेळा बांधणारंही सरकार, आणि ते योग्य आहे की नाही हे ठरवणारंही सरकार. बाहेरून ‘थांबा’ म्हणणारं कुणी नाही. थांबवणारा आतच निर्माण करावा लागतो, आणि त्याला खरंच थांबवता यावं अशी तजवीज करावी लागते.

आपल्याकडे हे काम बंगळुरूच्या सेमिलॅक या लष्करी उड्डाणयोग्यतेच्या संस्थेकडे आहे, १९९५ पासून. तिची विभागीय केंद्रं देशभर आहेत, त्यातलं एक आपल्या नाशिकला. उत्पादनाच्या गुणवत्तेची हमी डीजीएक्यूए बघते. नियमांचा ग्रंथ २०२१ मध्ये नव्याने लिहिला गेला. त्यामुळे आराखडा करणाऱ्यावर, बांधणाऱ्यावर आणि मान्यता देणाऱ्यावर कोणती जबाबदारी आहे हे पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट झालं. सेमिलॅक डीआरडीओच्या छत्राखाली आहे, आणि विमानं विकसित करण्यात डीआरडीओचा मोठा वाटा असतो. तिथल्या सहकाऱ्यांच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण व्यवस्था माणसांच्या सचोटीवर सोडू नये. मान्यता देणारी संस्था विकास करणाऱ्या संस्थेच्या बाहेर असावी, हे माझं ठाम मत आहे.

इथल्या श्रोत्यांना एक नाव आठवावं म्हणून सांगतो. भारतात आराखडा होऊन भारतात बांधलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडालं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. कोल्हापूरकडचा हा माणूस गॉटिंगेनला लुडविग प्राण्टल यांच्या हाताखाली शिकला, परत आला, आणि पुढे किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्याच्याच नेतृत्वाखाली आकाराला आलं. वायुदलाच्या वैमानिकांच्या पिढ्या एचटी-२ वर उडायला शिकल्या. नवशिक्याच्या हाती द्यायचं विमान म्हणजे उड्डाणयोग्यतेची कठीण परीक्षा. शिकणारा काय चूक करेल हे सगळं आधीच पक्षात धरावं लागतं.

नाशिकला, ओझरच्या कारखान्यात, साठच्या दशकापासून मिग-२१ बांधली गेली, नंतर सुखोई-३० एमकेआय. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ चं, आणि पूर्ण लढाऊ क्षमतेची मान्यता २०१९ मधली. अठरा वर्षं लागली म्हणून टीका होते. विलंबाची कारणं बरीच आहेत आणि सगळ्यांचं समर्थन मी करणार नाही. पण त्यातला मोठा काळ पुरावा गोळा करण्यात गेला आहे: कोणत्या वेगाला, कोणत्या कोनाला, पोटाखाली कोणतं शस्त्र लावून, किती वळण घेता येतं. तेवढा काळ वाचवता आला असता असं म्हणणाऱ्याने त्यातली कोणती चाचणी वगळायची ते सांगावं. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. आता जुनी होत जाणार आहेत ती सुखोई. त्यांच्यावर नवी शस्त्रं, नवी रडारं बसतील. प्रत्येक बदलागणिक विमानाचा पक्ष बदलेल, आणि त्या वेळी सिद्धता पुन्हा लिहायला माणसं, वेळ आणि पैसा ठेवलेला असेल का, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

निमरॉडच्या अहवालानंतर ब्रिटनने दोन गोष्टी केल्या. १ एप्रिल २०१० पासून लष्करी विमानांसाठी वेगळं नियामक प्राधिकरण उभं केलं. आणि प्रत्येक विमानप्रकारासाठी, त्यातल्या माणसांच्या जिवाला असलेल्या धोक्याची जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीवर ठेवली. समितीवर नाही, विभागावर नाही. त्या व्यक्तीला पटलं नाही तर विमान उडत नाही. दुसरी सुधारणा मला पहिलीहून मोठी वाटते, कारण समितीची सही म्हणजे कुणाचीच सही नसते.

पण या दोन्हींच्या आधी त्यांनी तिसरं एक केलं होतं: अहवाल पुस्तकाच्या रूपात सगळ्यांसमोर ठेवला. मी निमरॉडबद्दल आज जे बोललो ते सगळं त्यामुळेच बोलू शकलो. आपल्याकडे लष्करी विमान-अपघातांच्या चौकशीचे अहवाल प्रसिद्ध होत नाहीत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात कारणांचा तक्ता येतो. २०१७ ते २०२२ या काळातल्या वायुदलाच्या ३४ अपघातांपैकी १९ समोर ‘मानवी चूक’ असा शेरा आहे. त्या शेऱ्यातून नाशिकच्या किंवा बंगळुरूच्या अभियंत्याने काय शिकायचं? वैमानिक चुकला असेलही. पण त्याच्या समोरचा कोणता मीटर उशिरा बोलला, कोणती कळ दुसऱ्या कळीसारखी हाताला लागत होती, तो किती दिवसांनी उडत होता, हे त्या दोन शब्दांत नाही. गुपितं गाळून अहवाल छापता येतात. शस्त्रांची, रडारची, तैनातीची माहिती काढून टाका आणि बाकीचं अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षांत अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ठेवा. सुरुवात जुन्या, निवृत्त विमानांपासून करायला काहीच हरकत नाही. मिग-२१ च्या सहा दशकांच्या चौकशा कुठेतरी फायलींत आहेत, आणि आता त्यात शत्रूच्या उपयोगाचं क्वचितच काही उरलं असेल.